चॅप्टर केस: खोट सनदेत नाही, छापील नोटिशीत आहे

तहसीलदाराकडे वकिलीची सनद नसते, तरी तो माणसाला तुरुंगात धाडतो. म्हणून प्रत्येक दंडाधिकारी सनदधारक वकीलच हवा, असा मजकूर सध्या फिरतो आहे. ज्यांनी चॅप्टर केसचे, म्हणजे शांतता राखण्याची हमी घेण्याच्या कार्यवाहीचे, हेलपाटे घातलेत त्यांचा संताप समजतो, पण या मागणीने त्यांचं काही भलं होणार नाही.

मुळात दोन दंडाधिकाऱ्यांची गल्लत झाली आहे. खटला चालवून शिक्षा देणारा प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी कायद्याचा पदवीधरच असतो. मे २०२५ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने नव्या भरतीला तीन वर्षांची वकिलीही पुन्हा सक्तीची केली. तहसीलदार हा कार्यकारी दंडाधिकारी. तो शांतता राखण्याचं बंधपत्र (मोडल्यास ठरलेली रक्कम भरण्याची लेखी हमी) घेतो.

'सनदधारक' म्हणाल, तर पूर्णवेळ पगारी नोकरी धरली की वकिली थांबवावीच लागते. न्यायाधीशसुद्धा वकिली सोडूनच खुर्चीवर बसतो.

तुरुंगाचं मात्र खरं आहे. बंधपत्राचा आदेश झाला आणि जामीनदार मिळाला नाही, तर माणूस आत जातो. म्हणूनच भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १२६ (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं १०७) खाली आधी कलम १३० चा लेखी आदेश लागतो: मिळालेल्या माहितीचा सारांश, बंधपत्राची रक्कम, मुदत, जामीनदार किती आणि कसे. नोटिशीत सारांशाच्या जागी बरेचदा 'आपल्याकडून शांतताभंग होण्याची शक्यता आहे' एवढंच छापील वाक्य असतं. घटना कधीची, वाद कोणाशी, काही नाही. माणसाने जाब द्यायचा कशाचा? वर त्याच दिवशी अंतरिम, म्हणजे चौकशी संपेपर्यंतचं, बंधपत्र मागतात. चौकशी सुरू झाल्याशिवाय ते मागता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने मधु लिमये प्रकरणात १९७० सालीच सांगितलंय. हे पाळायला एलएलबी लागत नाही, कलम वाचावं लागतं.

पोलीस आयुक्तालयात तर हे अधिकार पोलीस अधिकाऱ्यांकडेच असतात. त्यांनी सनद घेतली तरी पोलिसांचा अहवाल पोलिसच तपासणार. मागायचंच असेल तर हे काम न्यायदंडाधिकाऱ्याकडे मागा. सराईतांविरुद्धचं जुनं कलम ११० हे १९८० च्या दुरुस्तीपर्यंत त्याच्याकडेच होतं.

तोवर, नोटीस हाती पडली की कलम १३० च्या आदेशाची प्रत मागा आणि चौकशी कधी सुरू झाली ती तारीख रोजनाम्यातून (प्रकरणाच्या तारीखवार नोंदीतून) उतरवून घ्या. विशेष कारणं नोंदवून मुदत वाढवली नसेल, तर सहा महिन्यांनी कार्यवाही आपोआप संपते. बंधपत्राचा अंतिम आदेश झालाच, तर सत्र न्यायालयात अपील करता येतं.