साड्या ऑफिसातच ठेवून घेतल्या, त्याबद्दल

गुरुजी, नमस्कार.

निवारागृहातल्या रात्रपाळीवर मी लिहिलेल्या लेखाला तुम्ही चांगली लांबलचक प्रतिक्रिया दिलीत. एका ओळीत 'धन्यवाद' म्हणून सुटावं अशी ती नाही, म्हणून इथं वेगळं उत्तर लिहितेय. ज्यांनी प्रतिक्रिया वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: तासगाव भागातले हे निवृत्त शिक्षक म्हणतात, की विकल्या गेलेल्या, धंद्यातून सोडवून आणलेल्या बायकांवर मी चार ओळी खरडल्या आणि त्यांच्याकडं बघणाऱ्या नोकरदार बायकांच्या थकव्यावर पानं भरली. थकवा तर बांधावरच्या मजुरालाही येतो, त्याच्यावर कोण लेख लिहितं? दुसरं, दिवाळीत ते साड्या घेऊन आपल्या जिल्ह्यातल्या एका संस्थेत गेले, तर त्यांना ऑफिसातच बसवलं, साड्या रजिस्टरला चढवल्या, चहा पाजला आणि वाटेला लावलं. एकाही मुलीची भेट नाही, फोटो नाही. तिसरं, त्यांच्या माहितीतली एक मुलगी वर्षभर संस्थेत राहून बाहेर पडली आणि 'पुन्हा त्याच वाटेला' गेली. मग या पगारी बायका तिथं करतात तरी काय? आणि जाता जाता एक वाक्य: 'कुलूप लावून कुणी सुधारत नसतं.'

शेवटचं वाक्य मला शंभर टक्के मान्य आहे. त्याच्याकडं येतेच. आधी पगाराचं बोलू.

पगारी आहेत हे खरं. म्हणजे कागदावर मानधन. अनुदान वेळेवर आलं तर मिळतं, नाही आलं तर किराणावाल्याच्या उधारीच्या वहीत संस्थेच्या पानाखाली कर्मचाऱ्यांचीही पानं वाढत जातात. पण मी त्यांच्या मानधनासाठी गळा काढला नव्हता. महिन्यातून एकदा मी या बायकांबरोबर बसते. काय जड गेलं, कुणाचा राग आला, झोप येते का, एवढंच बोलतो. त्या बैठकांतून मला जे दिसतं ते असं, की तिथं काम करणारी बाई टिकली नाही किंवा तिची शुद्ध हरपली, तर त्याची किंमत तिथं राहणारी बाई भरते. तुम्हाला ज्या मुलींची काळजी वाटते त्यांच्याचबद्दल मी लिहीत होते.

उदाहरण देते (ओळख पटू नये इतपत तपशील बदललेत). बागलकोटकडची एक मुलगी, वय विशीच्या आतबाहेर. छापा पडल्यावर तिनं आपली कहाणी पोलिसांना सांगितली, मग मॅजिस्ट्रेटपुढं, मग परिविक्षा अधिकाऱ्यांना, मग डॉक्टरांना, मग समुपदेशक ताईंना. संस्थेत काम करणाऱ्या मिरज-जतकडच्या बऱ्याच जणींना कानडी येतं म्हणून निदान दुभाषा तरी लागला नाही. बंगालकडची मुलगी आली की ती सोयही नसते. दोन महिन्यांनी ताईंना पुण्यात बरी नोकरी लागली, त्या गेल्या. नवीन ताई आल्या, फाईल उघडली आणि म्हणाल्या, 'सांग बघू पहिल्यापासून.' ती म्हणाली, 'फाईलीत लिवलंय की.' आणि त्यानंतर गप्प झाली ती झालीच.

बोलायची ती फक्त स्वयंपाकघरात. भाकरी थापणाऱ्या काकूंच्या शेजारी बसून ती पिठाचे गोळे करून द्यायची, आणि एक दिवस गोळे करता करताच तिनं सांगितलं, की तिचा तीन वर्षांचा मुलगा घरवालीकडं, म्हणजे धंद्याचं घर चालवणाऱ्या बाईकडं आहे. फाईलमध्ये मुलाचा उल्लेखच नव्हता. कोर्टात ती अडखळत का बोलते, साक्ष द्यायची म्हटली की ताप का येतो, याचा उलगडा भाकरीच्या तव्यापाशी झाला. या काकूंना आजवर एकाही प्रशिक्षणाला बोलावलेलं नाही. स्वयंपाकीण ना ती! मला विचाराल तर पहिलं नाव तिचं पाहिजे.

आता थकव्याचं. बांधावरचा मजूर अंग दुखून थकतो, रात्री झोपला की उतरतं. दुसऱ्याच्या अंगावर झालेले अत्याचार रोज, तपशीलवार, कामाचा भाग म्हणून ऐकणाऱ्याचं तसं उतरत नाही. हा काही माझा शोध नाही. अमेरिकन मानसोपचार संघटनेनं 2013 साली आपल्या निदानपुस्तिकेची पाचवी आवृत्ती काढली, तिच्यात असं कामानिमित्त वारंवार ऐकणं-बघणं हेही आघात समजायला जागा केलेली आहे. बैठकीत कुणी असली भाषा वापरत नाही. रात्रपाळीवरची ताई म्हणते, 'घरी नवऱ्यानं मागनं येऊन खांद्यावर हात ठेवला तरी दचकते.' दुसरी म्हणते, लेक क्लासहून यायला दहा मिनिटं उशीर झाला की ती स्कूटी काढून बाहेर पडते.

इथवर त्यांचा प्रश्न. त्यापुढचा मुलींचा. थकलेली बाई आधी चिडते, मग संशय घेते, मग नियम काढते. तेल चमच्यानं मोजून. फोन रविवारीच. पिशव्या रोज तपासायच्या. संध्याकाळच्या प्रार्थनेला न येणारीला तुटक बोलायचं. एकेका नियमाला कारण असतंच, पण सगळे एकत्र केले की कधी उठायचं, कधी जेवायचं, कुणाशी बोलायचं हे दुसरीच बाई ठरवते आहे, अशी जागा तयार होते; आणि अशाच जागेतून तर त्या मुलीला बाहेर काढलेलं असतं. वाईट माणसं भरती केली म्हणून हे होतं असं नाही. चांगल्या बायकांचं असं होताना मी पाहिलंय.

एकदा जेवणाच्या वेळी एका मुलीनं आमटीची वाटी ताईच्या अंगावर भिरकावली, वर आईवरून शिवी. ताईचा हात उठला होता. शेजारी दुसरी ताई होती; ती मधे आली, म्हणाली, 'तू जा गच्चीवर, मी बघते.' पहिली गच्चीवर जाऊन रडली, साडीचा काठ धुतला, अर्ध्या तासानं खाली आली. बस्स. सगळं प्रशिक्षण एवढ्यासाठीच असतं. पण त्यासाठी ड्युटीवर दोघी लागतात. रात्री बहुतेक ठिकाणी एकच असते, कारण दुसरीचं मानधन मंजूर नसतं. रात्रीच भांडणं होतात, रात्रीच मुली दचकून उठतात, रात्रीच कुणीतरी दाराची कडी पाच-पाच वेळा तपासत फिरतं. म्हणून मी रात्रपाळीवर पानं भरली, गुरुजी.

आता कुलूप. त्याची मुळं कायद्यातच आहेत. 1956 च्या अनैतिक व्यापार प्रतिबंधक कायद्यात, ज्याला आपण पीटा म्हणतो, सोडवलेल्या बाईला मॅजिस्ट्रेटपुढं उभं करतात. तिचं वय, घर, पूर्वायुष्य यांची चौकशी होते. त्यासाठी पाच प्रतिष्ठित व्यक्तींचं मंडळ नेमता येतं, त्यात शक्यतो तिघी स्त्रिया. मग तिला एक ते तीन वर्षांसाठी संरक्षणगृहात ठेवायचा आदेश निघू शकतो. ती आरोपी नसते, पण बाहेरही जाऊ शकत नाही. सांगलीत धंद्यातल्या बायकांबरोबर 1992 पासून काम करणारी संग्राम संस्था आणि 1996 साली उभी राहिलेली या बायकांचीच वेश्या अन्याय मुक्ती परिषद सांगत आलेल्या आहेत, की फसवून-विकून आणलेली बाई आणि स्वतःच्या मर्जीनं धंदा करणारी सज्ञान बाई यांना एकाच जाळ्यात ओढू नका. निवारागृहात काम करणाऱ्यांचं त्यांच्याशी सगळं पटतं असं नाही, खडाजंगी होते. तरी कुलपाबद्दल त्यांचा मुद्दा न्यायालयांनीही उचलला. सप्टेंबर 2020 मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं तिघी सज्ञान मुलींना सोडायचा आदेश दिला, कुठं राहायचं आणि कोणता व्यवसाय करायचा हे ठरवायचा त्यांचा हक्क मान्य करून. मे 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं राज्यांना सांगितलं, की संरक्षणगृहांची पाहणी करा, मर्जीविरुद्ध ठेवलेल्या सज्ञान बायका असतील तर त्यांच्या सुटकेचं ठराविक मुदतीत बघा. अठराच्या आतल्या मुलींचं वेगळं, तिथं बालकल्याण समिती निर्णय घेते, आणि तिथं दार सताड उघडं ठेवणं मलाही परवडणार नाही.

पण किल्ली कमरेला असते ती ताईच्या. आदेश न्यायालयाचा, शिव्या ताईला. मुलगी दाराशी बसून 'मला सोड' म्हणून टाहो फोडते तेव्हा न्यायाधीश तिथं नसतात.

तुमच्या माहितीतल्या त्या मुलीबद्दल. ती का गेली मला ठाऊक नाही, तुम्हालाही बहुधा नसेल. पण ज्या जातात त्यांच्यातल्या बऱ्याच जणींचा हिशेब ऊसतोड टोळीच्या हिशेबासारखा असतो, हे आपल्या भागात तरी समजायला अवघड नाही. मुकादमाची उचल घ्यायची, हंगामभर राबायचं, हंगाम संपताना म्हणे अजून इतके फिरतात, म्हणजे फेडायचे बाकी, मग पुढच्या हंगामाला पुन्हा त्याच टोळीत. घरवालीच्या वहीतही तसंच असतं: आणताना दिलेले पैसे, साडी, दवाखाना, पोलीस, खोलीभाडं. 1976 च्या वेठबिगार निर्मूलन कायद्यानं असलं बांधून ठेवणारं कर्ज रद्दच होतं. जिल्हा प्रशासनाकडून मुक्ती प्रमाणपत्र मिळतं, 2016 च्या केंद्राच्या योजनेत देहव्यापारासारख्या गंभीर प्रकरणात पुनर्वसनापोटी 3 लाखांपर्यंत मदतीची तरतूद आहे. पण अख्खी रक्कम हातात पडणं खटल्याशी जोडलेलं, आणि खटल्याची तारीख म्हणजे तारीखच. तोवर गावाकडं बापाला फोन येतो, 'तुझ्या पोरीकडं आमचे ऐंशी हजार बाकी आहेत.' बाप पोरीला फोन करतो. ताईनं शंभरदा सांगितलेलं असतं, हे कर्ज तू देणं लागत नाहीस. मुलीला कळतंही. पण फोन बापाचा असतो.

आणि घरी गेली तर? भाऊ म्हणतो, तुझ्यामुळं बहिणीची सोयरीक मोडली. शेजारीण चहाचा कप वेगळा ठेवते. शिलाई मशीन दिलेलं असतं, पण गावात आधीच चार मशिनं. सोडवणं एका रात्रीत होतं, पुढचं सगळं कुणाच्याच बजेटात नसतं. एखादी पुन्हा गेली तर ताई महिनाभर स्वतःलाच विचारत बसते, माझं काय चुकलं. गेलेल्या एकीनं परवा ताईला फोन केला होता, मुलाला शाळेत घालायला जन्मदाखला कसा काढायचा विचारायला. नंबर तिच्या पाठ होता. हे यशात मोजायचं की अपयशात, ते ज्याचं त्यानं ठरवावं. अहवालाच्या तक्त्यात याला रकाना नाही.

साड्यांचं मात्र मी त्या संस्थेच्या बाजूनं बोलणार. तुमचा हेतू निर्मळ होता, मला शंका नाही. पण दारात येणाऱ्या प्रत्येकाचा हेतू आतल्या मुलीला कसा कळावा? अनोळखी पुरुष आला, सगळ्यांना ओळीत उभं करा, एकेकीनं पुढं यावं, त्यानं बघावं. गुरुजी, हे दृश्य त्यांनी आधी कुठं पाहिलंय ते मी लिहायची गरज नाही. फोटोचं तर कायद्यातच आहे. लैंगिक अत्याचाराच्या पीडितेची ओळख उघड करणं भारतीय न्याय संहितेच्या कलम 72 खाली गुन्हा आहे. 2022 च्या त्याच आदेशात प्रेस कौन्सिललाही मार्गदर्शक सूचना काढायला सांगितलं, की अटक, छापा, सुटका यांच्या बातम्यांत या बायकांची नावं, चेहरे येऊ नयेत. चेहरा दिसला की दलालाला पत्ता लागतो. फेसबुकवर गेलेला दिवाळीचा फोटो कुठवर फिरेल याचा नेम नाही.

सरकारी दवाखान्यात केसपेपरच्या खिडकीवर ताई काय करते ते सांगते. खिडकीतला माणूस मोठ्यानं विचारतो, 'कुठनं आणलंय पेशंट?' मागं रांग असते. ताई तोंडानं बोलत नाही, घरूनच लिहून आणलेली चिठ्ठी आत सरकवते, आणि मुलीशी रांगेत मुद्दाम भाजीच्या भावाबद्दल बोलत राहते, मावशी-भाचीनं यावं तसं. एचआयव्हीची तपासणीसुद्धा मुलीच्या संमतीशिवाय करता येत नाही, 2017 चा कायदा आहे. ती 'नको' म्हणाली तर त्या दिवशी परत यायचं, पुढच्या आठवड्यात पुन्हा रांग. तुम्हाला ऑफिसात बसवणारी बाई तीच असावी. ती उर्मट वाटली असेल. तिला तसं वागणंच भाग आहे.

तुमच्या प्रतिक्रियेच्या शेवटी तुम्ही विचारलंत, 'मग आमच्यासारख्यानं साड्या देऊ नयेत तर काय द्यावं?' जरा रागानंच विचारलंत, पण प्रश्न कामाचा आहे. साड्या तशाही येतात, दिवाळी-संक्रांतीला ढीग लागतो. तुम्ही गणित शिकवायचात असं तुमच्याच प्रतिक्रियेत आहे. संस्थांमधून दोन-चार मुली सतरा नंबरचा फॉर्म भरून, म्हणजे शाळेत न जाता बाहेरून, दहावीला बसायचं म्हणत असतात. मराठी, इतिहास ताया घेतात, गणिताला कुणी मिळत नाही. आधी संस्थेला पत्र द्या, आधारची झेरॉक्स आणि पोलीस पडताळणी लागेल, त्याला वेळ जातो. वर्ग ऑफिसशेजारच्या खोलीत होईल, दार उघडं राहील, एक ताई आत बसेल. मोबाईल गेटवर ठेवायचा. मुलींना आडनाव, गाव विचारायचं नाही. आणि सुरुवात अपूर्णांकांपासून करा. बीजगणितापर्यंत जायच्या आत बहुतेक जणींचं घोडं तिथंच अडतं.