उंटावरून शेळ्या हाकणाऱ्याचं उत्तर

मागच्या आठवड्यात 'पाळणा कुणाला विचारून आणलात?' हा लेख टाकला होता. म्हणणं साधं होतं. मनोरंजन उद्यानांनी नवी राइड घेण्याआधी येणाऱ्या लोकांना विचारावं, आणि नुसत्या किंचाळणाऱ्या पोरांना नव्हे, खाली पिशव्या सांभाळत बसलेल्यांनाही. प्रतिक्रिया बऱ्याच आल्या, बहुतेक गोड. एक गोड नव्हती. 'एक अभियंता' या नावाने आलेली ती प्रतिक्रिया जशीच्या तशी देतो, नाहीतर सोयीचं तेवढंच उचललं म्हणाल.

"लेख वाचून छान करमणूक झाली, आता पार्कात जायची गरज उरली नाही. राइड निवडणं हे जाणकारांचं काम आहे. लोकांना विचारलं तर सगळे सगळ्यात उंच तीच मागतील. शिवाय लोक सर्वेक्षणात एक सांगतात आणि तिकिटाच्या खिडकीवर दुसरंच करतात, हे लेखकाच्या गावी नाही. उंटावरून शेळ्या हाकणं सोपं असतं. जाता जाता: वॉटर किंगडम १९८९ सालचं नाही."

शेवटापासून सुरुवात करतो, कारण तिथे तुमचं बरोबर आहे. १९८९ हे एस्सेलवर्ल्डचं साल. गोराईलाच त्याच्या शेजारी वॉटर किंगडम झालं ते १९९८ मध्ये. लिहिताना दोन्हींची गल्लत झाली. लेखात दुरुस्ती केली आहे, आभार. (एवढ्या लांबलचक लेखात चूक म्हणून हे एक साल सापडलं असेल, तर माझी तक्रार नाही.)

आता करमणुकीचं. आपण अभियंता आहात असं नावावरून समजायचं. अभियंता हे नाव नव्हे, हुद्दा आहे, आणि तोही कशातला ते आपण सांगितलेलं नाही. पुलाचे? पंपाचे? मी इथे अकरा वर्षं स्वतःच्या नावाने लिहितो आहे. मतभेद असावेत, वादही व्हावा, पण पहिल्याच वाक्यात समोरच्याला विदूषक ठरवून मग मुद्द्याकडे वळायचं, ही पद्धत मला कळत नाही. हेच म्हणणं आपण 'लेख पटला नाही' एवढ्या तीन शब्दांत मांडलं असतंत तर मी तीन ओळींत उत्तर दिलं असतं आणि दोघांचाही रविवार वाचला असता.

राहिला उंट. त्यावरून मी कधीच उतरलो होतो हे आपल्याला माहीत असण्याचं कारण नाही, पण विचारायला काय हरकत होती? कॉलेजात असताना ओळीने तीन उन्हाळे मी एका पार्कात राइडवर उभा होतो. नाव सांगत नाही, ते लोक माझ्याशी वाईट वागले नाहीत. पहिला उन्हाळा झुलत्या जहाजावर, पुढचे दोन छोट्या रोलर कोस्टरवर. सकाळी पार्क उघडायच्या आधी रिकाम्या गाडीच्या दोन फेऱ्या, मग भरल्या वजनाची एक. माणसांच्या जागी पाण्याने भरलेले प्लॅस्टिकचे पुतळे. ते पुतळे बसवून, बांधून, पुन्हा उतरवून माझी पाठ अजून दुखते, म्हणून हे मी वाचलेलं नाही, उचललेलं आहे.

त्या कोस्टरची गाडी २४ जणांची. कागदावर दर दोन मिनिटांनी सुटायची, म्हणजे तासाला ७२० माणसं. प्रत्यक्षात निम्मी निघाली तरी साहेब खूश. का? यंत्र उत्तम चालायचं. अडायचं ते माणसांपाशी. कुणाच्या चपला, कुणाचा मोबाइल, कुणाची ओढणी आत खोचून घ्या म्हटल्यावर होणारी कुजबुज. साडी नेसलेल्या बाईला पाय फाकून बसायच्या सीटवर बसवायचं म्हणजे काय, हे सीटचा नकाशा काढणाऱ्याच्या स्वप्नातही आलेलं नसतं. मांडीवरचा दांडा खाली ओढायचा, 'टक' असा आवाज यायला हवा. एकदा एका जाड काकूंच्या मांडीवर तो 'टक' काही केल्या वाजेना. सव्वा तास रांगेत उभ्या राहून आलेल्या काकू, मागे त्यांची दोन नातवंडं. "काकू, उतरावं लागेल," हे मी २३ लोकांसमोर म्हणालो. त्या काही बोलल्या नाहीत. पदर सावरला आणि उलट्या वाटेने रांग कापत खाली गेल्या. रांगेच्या तोंडाशी नमुन्याची एक सीट ठेवली असती तर त्यांना खालीच कळलं असतं. ही गोष्ट जाणकारांनी सुचवली नव्हती. काकूंना विचारलं असतं तर त्यांनी पहिल्या झटक्यात सांगितली असती.

तिथे बाहेर पडायच्या वाटेवर सूचनापेटी होती, हिरवी, पत्र्याची. किल्ली कुणाकडे आहे हे कुणालाच ठाऊक नव्हतं. दुसऱ्या उन्हाळ्याच्या शेवटी रंग द्यायला ती काढली तेव्हा कुलूप हातोडीने तोडलं. आत वेफर्सच्या पुड्या, तिकिटांचे तुकडे, एक मोजा आणि पन्नासेक चिठ्ठ्या. त्या मी जेवणाच्या सुट्टीत बसून वाचल्या. 'अजून उंच हवी' असं लिहिणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. बाकी सगळे सावली, बाकडं, पिण्याचं पाणी, आजीला बसता येईल असं काहीतरी, आणि लहान-मोठ्या दोघांना एकत्र बसता येईल अशी राइड. एक चिठ्ठी पेन्सिलीने लिहिलेली होती: 'माझी उंची ११६ आहे. १२० ची पाटी आहे. मधल्या मुलांसाठी काही नाही.' यापेक्षा नेमकी बाजारपाहणी मी आजवर पाहिली नाही. पुढच्या वर्षी पार्काने काय आणलं विचाराल, तर किमान उंचीची ती पाटी १३० ची असलेला एक मोठा गरगरता पाळणा.

म्हणून 'सगळे सगळ्यात उंच तीच मागतील' या वाक्याशी माझं भांडण आहे. माझी पेटी लहान, मान्य. मग मोठ्या पेट्या बघू. अमेरिकेत गोल्डन तिकीट म्हणून पुरस्कार आहेत, शौकिनांच्या मतांवर ठरतात. लाकडी कोस्टरमध्ये २०१८ पासून तिथे अनेकदा पहिली आलेली फिनिक्स किती उंच आहे? ७८ फूट. १९४७ साली टेक्सासमधल्या सॅन अँटोनियोत उभी राहिली, १९८५ मध्ये उचलून पेनसिल्व्हेनियातल्या कनोबल्स पार्कात आणली. आणि न्यू जर्सीतली किंगडा का, ४५६ फूट, २००५ पासून बंद होईपर्यंत जगात सर्वांत उंच? ती त्याच पुरस्कारांच्या स्टील कोस्टरच्या यादीत एकदाही पहिली आली नाही. २०२५ च्या फेब्रुवारीत तिचा मनोरा सुरुंग लावून पाडला. उंचीच सगळं असतं तर ७८ फुटांपुढे लोक टोपी काढून उभे राहिले नसते.

इंग्लंडातलं ऑल्टन टॉवर्स घ्या. तिथे झाडांच्या शेंड्यांपेक्षा उंच काही बांधायचं नाही असा दंडक. म्हणून १९९४ ची नेमेसिस त्यांनी खडक फोडून जमिनीत उतरवली. कोस्टर वर जाण्याऐवजी खड्ड्यांत शिरते, आणि त्यानेच ती गाजली. तीस वर्षांनी रूळ नवे टाकले, पण वळणं तीच ठेवून. म्हणजे बाहेरच्या माणसांनी घातलेल्या अटीने जाणकारांचं काम बिघडलं नाही, उलट सुधारलं. सिडनीच्या लूना पार्कात याच्या उलट झालं. १९९५ मध्ये बिग डिपर आणली, आवाजावरून शेजारपाजारचे भडकले, वर्षभरात पार्कच बंद पडलं, आणि पुढे ती कोस्टर दुसऱ्या पार्काला गेली.

आता आपण इंग्लंडातल्याच थॉर्प पार्कचं नाव काढाल, म्हणून मीच काढतो. तिथली २०२४ ला उघडलेली हायपेरिया कोस्टर २३६ फुटांची, ब्रिटनमधली सर्वांत उंच, आणि परवानगीआधी आसपासच्या लोकांना आराखडे दाखवून मतं मागवली होती. विचारूनही उंचच आली, बरोबर? पण तिथे उंची आधी ठरली होती, लोकांना विचारलं ते नंतर. माझा लेख नेमका त्या 'आधी'बद्दल होता. दुसऱ्या परिच्छेदात आहे. वाचला असेलच.

सर्वेक्षणात एक आणि खिडकीवर दुसरं, हा आपला मुद्दा नवा नाही. असं होतं. मग प्रश्न नीट विचारावेत, एवढंच. त्यावर वेगळा लेख होईल, आज नको.

आपली प्रतिक्रिया काढलेली नाही आणि काढणारही नाही, खाली आहे तिथेच राहील. पुढच्या वेळी नावाने लिहिलंत तर बरं वाटेल. आणि कोणत्या पार्कात काम करता तेही सांगा. तिथली सूचनापेटी शेवटची कधी उघडली होती, तेवढं विचारायचं आहे.