कुणालाही सुचते म्हणे!

आज ऑफिसच्या ट्रेनिंगमध्ये एक साहेब ठासून सांगत होते, "आयडियाला किंमत शून्य. ती कुणालाही सुचते. करून दाखवणारा लागतो." वर टाळ्या! डोकं अजून तापलेलं आहे माझं.

कुणालाही सुचते? आमच्याकडे पूर्वी एक ताई होत्या. काउंटरवर रोज रांग तुंबायची. बाकी सगळे लोकांवर खेकसायचे. ताई मात्र कोण कुठे अडतंय ते बघत राहायच्या. एक दिवस म्हणाल्या, "फॉर्ममधला हा एक रकानाच लोकांना कळत नाहीये." रकाना बदलला, रांग सरकायला लागली. त्यावर तेव्हाचे वरिष्ठ काय म्हणाले? "साधी तर आयडिया होती."

साधी! अहो, 'आयडिया' हा शब्दच मुळात बघण्यातून आलाय. ग्रीकमध्ये 'इदेइन' म्हणजे पाहणं, आणि 'इदेआ' म्हणजे वस्तूचं दिसणारं रूप. प्राचीन ग्रीक तत्त्वज्ञ प्लेटोने तो शब्द फार वर नेला. डोळ्यांना दिसतं ते बदलतं, नासतं. बुद्धीलाच दिसतं ते न बदलणारं रूप म्हणजे इदेआ. म्हणजे ती कुणाच्या डोक्यात नव्हतीच, स्वतंत्र होती! 'मनातली कल्पना' हा अर्थ तत्त्वज्ञानात पक्का झाला तो 17व्या शतकात, देकार्त आणि लॉक यांच्यामुळे. 'व्हिडिओ' ज्या लॅटिन क्रियापदातून आला तेही याच कुळातलं. आणि आपला संस्कृतातला 'विद्' म्हणजे जाणणं, हा धातूसुद्धा! वेद, विद्या, विद्वान हे सगळे आयडियाचे चुलत नातलग. हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मला खरंच भरून आलं होतं. पाहणं आणि जाणणं इतकं जवळ आहे. ताईंनी वेगळं काय केलं होतं?

बरं, नुसतं सुचून भागत नाही, करावं लागतं, मान्य. शब्दाच्या मुळावरून आजचा अर्थ ठरत नाही, तेही मान्य. पण आपण सहज म्हणतो ना, "मला काही आयडिया नाही"? तिथे आपल्याला 'माहीत नाही' असंच म्हणायचं असतं. जाणण्याचा अर्थ अजून आपल्या तोंडी आहे, आणि हे साहेब त्याची किंमत शून्य लावतात.

ताईंचं नाव कुठल्याच अहवालात आलं नाही. रकाना बदलण्याचा आदेश काढणाऱ्यांचं आलं.

ट्रेनिंगचा अभिप्राय उद्या द्यायचाय. ताईंची ही हकीकत त्यात सविस्तर लिहिणार आहे, त्यांच्या नावासकट.