ओल्या पावलाचा ठसा पाहून बूट घेऊ नका

पावसाळा ओसरला की जानेवारीतल्या मुंबई मॅरेथॉनची तयारी सुरू होते, नवे धावणारे बूट शोधू लागतात आणि त्याच सुमारास एक लांबलचक मेसेज ग्रुपांवर फिरायला लागतो. त्यातला दावा थोडक्यात असा: पाऊल ओलं करून कागदावर ठेवा. ठसा पूर्ण उमटला तर तुमचा पाय सपाट, म्हणून ‘मोशन कंट्रोल’ (पाऊल आत कलू न देणारा) बूट हवा. मधली पट्टी बारीक उमटली तर कमान उंच, म्हणून मऊ बूट हवा. चुकीचा प्रकार घातलात तर गुडघे गेलेच म्हणून समजा. पुढे आणखी कलमं आहेत. सोल जितका जाड तितका चांगला, बूट नेहमीपेक्षा एक नंबर मोठा घ्या, ५०० किलोमीटर झाले की टाकून द्या, मोजे सुतीच वापरा. आणि हे सगळं परवडत नसेल तर सरळ अनवाणी धावा.

यातलं निव्वळ थापेबाजी असलेलं कलम एकही नाही. प्रत्येकात थोडं तथ्य आहे, म्हणूनच लोक तो मेसेज विश्वासाने पुढे पाठवतात.

“ठशावरून बूट ठरतो”

ठसा सांगतो तो उभ्या पावलाचा आकार. धावताना पाऊल कसं पडतं, किती वळतं, घोटा आणि पोटरी त्याला कशी सावरतात, यातलं काहीच कागदावर उमटत नाही. धावताना एका पायावर शरीराच्या वजनाच्या दोन ते तीन पट भार येतो, आणि तोही सेकंदाच्या पाव भागात.

ही पद्धत मोठ्या प्रमाणावर तपासून झाली आहे. अमेरिकेच्या लष्करात, हवाई दलात आणि मरीन दलात नव्या भरतीच्या जवानांचे दोन गट केले गेले. एका गटाला पावलाच्या आकाराप्रमाणे बूट दिले, दुसऱ्या गटात आकार न बघता सगळ्यांना एकाच प्रकारचे. २००९ आणि २०१० मध्ये निष्कर्ष छापून आले. प्रशिक्षणकाळातल्या दुखापतींमध्ये सांगण्यासारखा फरक नव्हता.

मेसेजचा खरा आधार मात्र दुसऱ्या एका समजावर आहे, तो म्हणजे पाऊल आत कलणं हा दोष आहे. टेकल्यावर पाऊल थोडं आत कलतं, त्याला प्रोनेशन म्हणतात. ते सगळ्यांचं कलतं, कारण धक्का पसरवण्याची पावलाची तीच रीत आहे. डेन्मार्कमध्ये ९२७ नवख्या धावणाऱ्यांना एकाच प्रकारचे साधे, म्हणजे न्यूट्रल बूट देऊन वर्षभर पाहिलं गेलं. २०१४ च्या त्या अभ्यासात आत कलणाऱ्या पावलांना जास्त दुखापती झाल्या नाहीत. हजार किलोमीटरमागे मोजलं तर उलट थोड्या कमीच झाल्या.

दुसरी बाजूही सांगायला हवी. लक्झेंबर्गमधल्या २०१६ च्या एका चाचणीत आत कलणाऱ्या पावलांना मोशन कंट्रोल बुटांचा फायदा दिसला होता. त्यामुळे ज्यांना तसा बूट आधीपासून मानवला आहे त्यांनी तो सोडायचं काही कारण नाही. पण दुकानातल्या ट्रेडमिलवर अर्धा मिनिट पळवून, मोबाइलवर व्हिडिओ काढून “तुमचं ओव्हरप्रोनेशन आहे” असं कोणी सांगितलं, तर तेवढ्यावर दोन-तीन हजार रुपये जास्त मोजू नका.

सपाट पायाची काळजी कधी करायची? घोट्याच्या आतल्या बाजूला दुखत असेल, एकाच पायाची कमान अलीकडे बसली असेल किंवा त्या एका पायाच्या चवड्यावर उभं राहून टाच उचलता येत नसेल, तेव्हा. हे काम बुटांच्या दुकानाचं नाही, अस्थिरोगतज्ज्ञाचं आहे.

“सोल जितका जाड, तितके गुडघे सुरक्षित”

मऊपणाचा फायदा आहे. लक्झेंबर्गमध्येच ८४८ धावणाऱ्यांना बाहेरून सारखे दिसणारे पण कडक किंवा मऊ फोमचे बूट वाटले गेले. कडक बूटवाल्यांमध्ये दुखापतीचा धोका सुमारे दीडपट निघाला. गंमत अशी की हा फायदा हलक्या वजनाच्या लोकांत स्पष्ट दिसला, वजनदारांत नाही. दुकानात नेमका उलटा सल्ला मिळतो.

पण मऊ बरा म्हणजे जाड त्याहून बरा, असं होत नाही. फिनलंडमध्ये २०१८ साली नेहमीचा बूट आणि खूप जाड सोलचा बूट यांची प्रयोगशाळेत तुलना झाली. वेगात धावताना जाड बुटात जमिनीचा पहिला धक्का जास्त मोजला गेला. खाली मऊ लागलं की पाय नकळत ताठ होतो आणि कमावलेलं बरंचसं गमावतो. शिवाय उंच, मऊ सोलवर पेव्हर ब्लॉकच्या कडेला किंवा रस्त्याच्या उतरत्या कडेवर घोटा मुरगळायची शक्यता वाढते.

जाडीपेक्षा कामाचा आकडा म्हणजे ड्रॉप: टाचेखालची आणि चवड्याखालची जाडी यांतला फरक. १० ते १२ मिलिमीटर ड्रॉप असला की भार गुडघ्याकडे थोडा जास्त जातो, ० ते ४ असला की पोटरी आणि टाचेमागच्या शिरेवर. म्हणून टाचेमागची शीर (अकिलिस) धरली असेल तर कमी ड्रॉपचा बूट त्या वेळी घेऊ नये. १० वरून ४ वर यायचंच असेल तर नवा जोड आठवड्यातून एकदा, २-३ किलोमीटरसाठी, असं करत दीड-दोन महिने द्यावेत.

कार्बन प्लेटचे, म्हणजे सोलमध्ये कार्बनची ताठ पट्टी असलेले, बूट रोजच्या धावण्यासाठी नाहीत. वर्ल्ड अॅथलेटिक्स या जागतिक संघटनेने रस्त्यावरच्या शर्यतींसाठी सोलची जाडी ४० मिलिमीटर आणि प्लेट एकच, अशी मर्यादा घातली आहे. हा वेगाचा मामला आहे, गुडघ्याच्या आरामाचा नाही. किलोमीटरला सहा-साडेसहा मिनिटं घेणाऱ्याने तेच पैसे दोन साध्या जोडांवर घालावेत.

“एक नंबर मोठा घ्या”

सगळ्यात जास्त नुकसान हे कलम करतं. भारतात चालणाऱ्या यूके मापात एक नंबर म्हणजे सुमारे साडेआठ मिलिमीटर, अर्धा नंबर म्हणजे सव्वाचार. पुढे जागा हवी हे खरं आहे. पण किती, ते पाय मोजून ठरवायचं.

संध्याकाळी मोजा, दिवसभरात पाऊल फुगलेलं असतं. धावण्याचेच मोजे घाला. भिंतीला टाच लावून कागदावर उभं राहा, बसून नाही. सगळ्यात लांब बोटापुढे खूण करा. पुष्कळांचं अंगठ्याशेजारचं बोट लांब असतं. दोन्ही पाय मोजा आणि मोठा धरा. बूट घालून उभं राहिल्यावर त्या बोटापुढे १० ते १२ मिलिमीटर, म्हणजे अंगठ्याच्या नखाएवढी जागा राहिली पाहिजे. ऑनलाइन घेताना यूके आणि यूएस आकड्यांत गल्लत होते. बहुतेक कंपन्यांत पुरुषांचा यूके ८ म्हणजे यूएस ९, पण काहींत साडेआठ. डब्यावरचा सेंटिमीटरचा आकडा कंपनीच्या तक्त्याशी ताडून पाहणं सुरक्षित.

नंबर वाढवणाऱ्या अनेकांना खरं तर रुंदी हवी असते. करंगळी चेपते, म्हणून मोठा नंबर घेतला जातो. मग टाच निसटते, बोटं आत धरून धरून चालतात आणि उतारावर पाऊल पुढे सरकून नखांवर आपटतं. साताऱ्याच्या हिल हाफ मॅरेथॉनमध्ये चढून झाल्यावर तोच घाट उतरायचा असतो. तिथे काळंनिळं पडणारं नख बऱ्याचदा अशाच सैल बुटाचं असतं. पुरुषांच्या बुटात ‘डी’ ही नेहमीची रुंदी, ‘टू-ई’ रुंद, ‘फोर-ई’ जास्त रुंद. बायकांच्या बुटात ‘बी’ नेहमीची आणि ‘डी’ रुंद. रुंद चवड्याच्या बाईने पुरुषांचा जोड घालून पाहायला काहीच हरकत नाही.

मापाचा बूट असूनही टाच हलत असेल तर सगळ्यात वरचं, रिकामं राहणारं भोक वापरा. लेस त्याच बाजूच्या वरच्या भोकात घालून छोटा फास ठेवा, दोन्ही बाजूंना तसंच करा, मग प्रत्येक टोक समोरच्या फासातून ओवा आणि खालच्या दिशेला ओढून गाठ मारा. घोट्याजवळ पकड येते, पावलावर ताण पडत नाही. बूट पहिल्या दिवशी चावत असेल तर “सैल होईल हळूहळू” या भरवशावर घेऊ नका. दोन-तीन जोड घालून दुकानाबाहेर थोडं पळा आणि ज्याचा विसर पडतो तो घ्या.

“५०० किलोमीटर झाले की टाका”

सरसकट आकडा चालत नाही. फोम, वजन आणि रस्ता यांवर ठरतं. ५०० ते ८०० हा ढोबळ पट्टा धरा आणि बूट बघा: सोलच्या बाजूला आडव्या सुरकुत्या कायमच्या पडल्यात का, खालचं रबर झिजून फोम दिसतोय का, टेबलावर ठेवून मागून पाहिलं तर टाच एका बाजूला कललीये का. पळण्यात काही बदल नसताना दोन्ही नडग्या किंवा तळपाय कुरकुरू लागले तरी समजावं.

उलट बाजूही आहे. न वापरलेला बूटही म्हातारा होतो. कोकण-मुंबई-गोव्याच्या दमट हवेत गोंद सुटतो आणि पॉलियुरेथेनचा सोल तर ओल धरून कपाटातच भुगा होतो. सेलमध्ये घेताना जिभेखालच्या लेबलावर बनवल्याची तारीख असेल तर वाचा. धुताना वॉशिंग मशीन नको, उन्हात वाळवणंही नको. आत वर्तमानपत्राचे बोळे आणि सावलीत पंखा पुरे.

जमत असेल तर दोन वेगळे जोड आलटून पालटून वापरा. २६४ धावणाऱ्यांच्या एका अभ्यासात एकाहून जास्त जोड वापरणाऱ्यांना दुखापतीचा धोका ३९ टक्के कमी आढळला. ते लोक मुळातच जास्त काळजी घेणारे असू शकतात, पण तोटा तर काही नाही.

“मोजे सुतीच”

ऑफिसला जरूर घाला. धावताना सूत घाम पिऊन ओलंच राहतं, ओली कातडी मऊ पडते, घासते आणि फोड येतो. नायलॉन किंवा पॉलिस्टरचे, टाचेला नीट बसणारे मोजे घ्या. बोटांच्या मध्ये फोड येत असतील तर बोटांचे मोजे. जांघ, काख आणि ब्राच्या पट्ट्याखाली काचतं तिथे निघण्याआधी पेट्रोलियम जेलीचा पातळ थर, पुरुषांना लांब पल्ल्याला स्तनाग्रांवर साधी चिकटपट्टी. बायकांच्या खरेदीत बुटाइतकीच महत्त्वाची वस्तू म्हणजे मापाची स्पोर्ट्‌स ब्रा, आणि मेसेजमध्ये तिचा उल्लेखही नाही. बाकी नी-कॅप, पोटरीच्या बाह्या, घड्याळ हे सगळं नंतर पाहता येईल.

“नाहीतर अनवाणी धावा”

इथे हमखास इथिओपियाच्या अबेबे बिकिलाचं उदाहरण येतं. १९६० च्या रोम ऑलिंपिकची मॅरेथॉन तो अनवाणी धावून २:१५:१६ वेळेत जिंकला. १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये तीच शर्यत तो बूट घालून २:१२:११ मध्ये जिंकला, हे कोणी पुढे पाठवत नाही. अनवाणीसारखे पातळ बूट विकणाऱ्या व्हिब्रम कंपनीने आरोग्याच्या दाव्यांवरून झालेल्या खटल्यात २०१४ साली ३७.५ लाख डॉलरची तडजोड केली. त्याआधी एका अभ्यासात १० आठवड्यांत अशा बुटांकडे वळलेल्या १९ जणांपैकी १० जणांच्या पावलाच्या हाडात सूज वाढलेली एमआरआयमध्ये दिसली होती. हौस असेल तर धावून झाल्यावर गवतावर पाच-दहा मिनिटं, आठवड्यातून दोनदा करा. मधुमेहामुळे तळव्याची संवेदना कमी झाली असेल तर तेही नको.

“नाहीतर गुडघे गेलेच”

२०१७ मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून पाहिलं गेलं तेव्हा हौशी धावणाऱ्यांत गुडघ्याचा किंवा खुब्याचा संधिवात साडेतीन टक्के, न धावणाऱ्या बैठ्या लोकांत १०.२ टक्के आढळला. स्पर्धात्मक धावणाऱ्यांत १३.३ टक्के होता, तेव्हा अतिरेकाला सूट नाही. नव्याचा गुडघा दुखतो तो बहुधा पहिल्याच महिन्यात ३ किलोमीटरवरून १० वर उडी मारल्यामुळे. अंतर निम्म्यावर आणा, पावलं छोटी करून मिनिटामागची संख्या ५ ते १० टक्के वाढवा, दोन आठवडे पाहा. नडगीवर किंवा पावलाच्या हाडावर एका बोटाने दाखवता येईल अशा जागी दुखत असेल, एका पायावर उडी मारली की कळ येत असेल किंवा रात्री ठणकत असेल, तर नवा जोड मागवत बसू नका. धावणं थांबवा आणि हाडाच्या डॉक्टरांना दाखवा. हे हाडातल्या तड्याचं दुखणं असू शकतं. असा तडा सुरुवातीच्या एक्स-रेमध्ये अनेकदा दिसत नाही, त्यामुळे एक्स-रे स्वच्छ आला तरी दुखणं कायम असेल तर एमआरआयबद्दल विचारा.