पिंट्याचं अलिबाग अन् देवाची ओहोटी

पिंट्या अलिबागहून आल्यापासून जमिनीवर नाहीये. आठरस्ता चौकात टपरीसमोर बसलो की याचा मोबाईल निघतेच, व्हिला, पूल, पूलमधे तरंगणारा नाश्त्याचा ट्रे, मग पुन्हा पूल. त्यात परवा हिरो लोकांनी अलिबागकडं जमिनी घेतल्याची बातमी आली, तेव्हापासून तर तिथल्या आवास गावाचा सातबारा याच्याच नावावर असल्यासारखा बोलून रायला.

"अबे, त्या क्रिकेटवाल्याचा बंगला आमच्यापासून पाच मिनिटावर होता."

"दिसला का?" देवानं विचारलं.

"कंपाउंड दिसलं ना."

"म्हणजे समुद्र सोडून भिंत पाहून आला तू."

देवा काही वर्षं अलिबागला नोकरीला होता, रायगड जिल्ह्याचं मुख्यालय तिथंच आहे, त्यामुळे अलिबागचा विषय निघाला की त्याला बोलू द्यावं असं माझं मत. पिंट्याचं मत अर्थातच वेगळं. तो म्हणे आता समृद्धी पूर्ण झाला, 701 किलोमीटर कसे गेले कळलंच नाही, अन् मग अटल सेतू, काय सांगू राजेहो, 21.8 किलोमीटरचा पूल.

देवानं चहाचा ग्लास खाली ठेवला. "नागपूरचा माणूस पनवेल-पेण-वडखळ असा जाते. तू अटल सेतूवर गेला म्हणजे आधी मुंबईत घुसला अन् टोल देऊन परत बाहेर आला. कायले?"

"रील काढाची होती."

यावर नंदूभाऊ जागे झाले. नंदूभाऊंना कुठलाही विषय द्या, गाडी विदर्भाला महाराष्ट्रात आणणाऱ्या 1953 च्या नागपूर करारावरच येते. "समुद्र तिकडं, धरणं तिकडं, आपल्याकडं काय तर डिसेंबरमधलं अधिवेशन. करारात एक कलम टाकाले पाहिजे होतं, समुद्राचा वाटा म्हणून." सुध्या म्हणाला भाऊ, फुटाळा तलाव दिला ना तुम्हाले, चौपाटी म्हणतात त्याले. नंदूभाऊ फुटाळ्याच्या कारंज्यावर सुरू होणार तेवढ्यात देवानं विचारलं, "अलिबागच्या समुद्रातल्या कुलाबा किल्ल्यात गेलता का?"

"लांबून फोटो काढला. चारी बाजूनं पाणी होतं बे."

"ओहोटीले जाचं असते बापा! चालत जाते माणूस, घोडागाडी जाते."

"जुलै होता. लाटा पाहिल्या का कशा होत्या?"

"मंग जुलैत गेलाच काहून?"

"ऑफर होती."

इथं देवानं जे सांगितलं ते मला लई आवडलं, म्हणून नीट लिहून ठेवतो. तिकडचे लोक भरतीची वेळ तिथीवरून काढतात. तिथीची पाऊणपट करायची. चतुर्थी असली की तीन वाजता भरती, अष्टमी असली की सहाला, अन् भरतीनंतर साधारण सहा तासांनी ओहोटी. म्हणजे अष्टमीले दुपारी बाराच्या आसपास पाणी हटते. हिवाळ्यात तिथीवरून ओहोटीची वेळ पाहून निघायचं अन् पायी किल्ल्यात शिरायचं. आत गणपतीचं देऊळ आहे, 1849 कोरलेल्या इंग्रजी तोफा आहेत, अन् खाऱ्या समुद्राच्या मधोमध गोड्या पाण्याची विहीर. शिवाजी महाराजांनी 1680 मधे काम काढलं, पुढं आंग्र्यांनी तिथून अख्खा किनारा हलवला. "अन् ह्यानं काय पाहिलं? तरंगता ट्रे!"

"बरं, मॅग्नेटिक ऑब्झर्वेटरीच्या समोरून तरी गेला का? मुंबईत विजेच्या ट्राम येणार होत्या, पृथ्वीचं चुंबक मोजाले त्याची गडबड नको म्हणून 1904 मधे तिकडं नेली."

"चुंबक आणलं ना मी," पिंट्या एकदम खुलला. "फ्रिजवर लावाचं. नारळाच्या झाडाचं."

टपरीवाला पण हसला, जो कधी हसत नाही.

पिंट्या चिडला. म्हणे, पाहणं-बिहणं सोडा, खाल्लं कसं ते ऐका. मेनूकार्डात पापलेटसमोर रेटच नव्हता, 'अ‍ॅज पर साइज' लिहिलेलं, वेटर स्वतः ट्रेमधे मासोळी घेऊन दाखवाले आला, म्हणे सर, आत्ताच बोटीतून उतरलं. बिल आलं, एका पापलेटचे 1,800.

"अन् चिखलदऱ्याच्या पेट्रोलचे माझे पैसे?" सुध्या. हा हिशोब कट्ट्याइतकाच जुना आहे, पिंट्या म्हणते दिले, सुध्या म्हणते नाही दिले, अन् दोघांच्या बायकांनाही आता तो तोंडपाठ आहे. त्यावर थोडा वेळ गेला. मी संत्र्याच्या गोळ्या वाटल्या.

देवा मात्र पापलेटवरच बसला होता. "जुलैत गेलता ना तू? 1 जून ते 31 जुलै मोठ्या बोटींना मासेमारी बंद असते. कोणत्या बोटीतून उतरलं बे तुझं पापलेट?"

"छोट्या होड्या जातात," पिंट्याचा आवाज बारीक.

"आत्ता तर म्हणे लाटा पाहिल्या का! डोळे चमकत होते का त्याचे? कल्ले लाल होते का?"

"थोडं... कडक होतं."

"बर्फाचं होतं. त्यापेक्षा जिताडा मासा मागायचा, खाडीकाठच्या शेततळ्यातला. जुने लोक सांगत, साहेबाकडं काम अडलं की जिताडा घेऊन जायचं. सोबत तांदळाची भाकर. हिवाळ्यात गेला तर पोपटी, मडक्यात वालाच्या शेंगा, भांबुर्डीचा पाला, वरून जाळ. येताना पांढऱ्या कांद्याची माळ आणायची, जीआय मानांकन भेटलं त्याले. तू आणलं प्लास्टिकचं नारळ!"

आम्ही सगळे गार. सुध्या तर गूगलवर हिवाळ्यातल्या तिथ्या पाहायला लागला. तेवढ्यात पिंट्यानं सहज विचारलं, "जिताड्याची चव कशी रायते रे देवा?"

देवा चहाच्या ग्लासात पाहायला लागला.

"सांग ना."

"ते... घरमालकीणकाकू सांगे."

"तू खाल्ला का?"

"आमच्या घरी चालत नाही ना बे. तुले माहीत आहे. मी पोपटीतल्या शेंगा खात होतो."

नंदूभाऊंच्या नाकातून चहा आला. सुध्यानं फोन बाजूला ठेवला. पिंट्या कठड्यावर उभाच राहिला, छाती काढून, "शिळं असो का बर्फाचं, खाल्लं तर मीच ना बे!" त्यावर देवा काहीतरी म्हणाला, बहुतेक चांगलंच होतं, पण त्या गोंधळात कोणालाच ऐकू आलं नाही.