आई रोज हसरा चेहरा दाबायची

आज सकाळी सोसायटीच्या ग्रुपवर मनःस्वास्थ्याच्या कुठल्याशा अ‍ॅपची लिंक आली. 'घरातल्या ज्येष्ठांना डाउनलोड करून द्या, रोज पाच मिनिटं, टेन्शन गायब!' खाली अंगठ्यांची रांग. डोकंच फिरलं माझं.

बाबा गेल्यावर असंच एक अ‍ॅप मी आईच्या फोनवर टाकून दिलं होतं. रोज सकाळी ते विचारायचं, आज कसं वाटतंय? तेही इंग्रजीत. खाली पाच चेहरे, रडक्यापासून हसऱ्यापर्यंत. आई रोज हसरा दाबायची. मी इथे पुण्यात हिरवे ठिपके बघून निर्धास्त. दीड महिन्याने कराडला गेले, तर आईचं पोलकं खांद्यावरून उतरत होतं. गोळ्या डबीत तशाच.

"आई, अगं मग हसरा का दाबत होतीस?"

"सकाळी सकाळी रडकं तोंड कशाला दाखवायचं कुणाला?"

पाहुण्यांपुढे डोळे पुसून चहा ठेवणारी ही बाई. फोनपुढे ती रडेल, असं वाटलंच कसं आपल्याला? मलासुद्धा!

त्या रात्री दीड वाजता मी १४४१६ लावला. टेली-मानस, मानसिक आरोग्याची हेल्पलाइन. १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, सरकारी आहे, फुकट आहे, चोवीस तास आहे, मराठीत बोलता येतं. याची लिंक नाही फिरवत कुणी! पलीकडच्या मुलीने आधी विचारलं, "ताई, तुम्ही जेवलात का?" आईबद्दल विचारायला फोन केला होता, रडले मी स्वतःसाठी.

तरुण मुलांना तोंडाने सांगता येत नाही ते टाइप करून सांगता येतं, मान्य. आईच्या डॉक्टरही तिला व्हिडिओ कॉलवरच बघतात, पुण्याची फेरी वाचते, तेही मान्य. पण आई पदराचं टोक बोटाला गुंडाळत गप्प बसली की त्या थांबतात. पुढचा प्रश्न टाकत नाहीत. तो हसरा चेहरा त्यांनी पहिल्याच कॉलला ओळखला असता.

लिंक टाकणाऱ्यांवर राग नाही, खरंच. काळजीनेच टाकली असणार, मीही काळजीनेच टाकलं होतं अ‍ॅप. फक्त टाकून मोकळे होऊ नका हो. रात्री शेजारी बसा, नाहीतर फोन लावा आणि लगेच ठेवू नका.

हे लिहिता लिहिता आईला लावला. "बरी आहे गं," म्हणाली. मी ठेवला नाही. तिकडे कुकरच्या दोन शिट्ट्या झाल्या.

मग म्हणाली, "आज परत पीठ दोघांचंच मळलं गेलं बघ."