अपंगत्व पेन्शन नाकारल्याचं पत्र आलं म्हणून फाइल बंद करू नका

आज सकाळी सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर घरपट्टीचा विषय निघाला. एका गृहस्थांनी लिहिलं, "फौजींना घरपट्टी माफ, कँटीनमध्ये सगळं स्वस्त, दवाखाना फुकट, पेन्शन वेगळी. तरी सरकारवर केसेस टाकत बसतात." खाली पटापट अंगठे. तेव्हापासून डोकं ठणकतंय. तिथे उत्तर दिलं असतं तर तोंडातून नको ते गेलं असतं, म्हणून इथे लिहिते.

घरपट्टी माफ आहे, हो. राज्य सरकारने २०२० साली बाळासाहेब ठाकरे माजी सैनिक सन्मान योजना आणली, त्यात ही सवलत आहे. पण ती आपोआप घरी चालत येत नाही. त्यासाठी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाचा दाखला काढायचा आणि अर्ज करायचा. आणि पेन्शन म्हणाल, तर जवानाची पंधरा वर्षं भरली नाहीत तर नेहमीची पेन्शन मिळतच नाही. असे पेन्शन नसलेले, पासष्टी ओलांडलेले हवालदारापर्यंतचे गरजू माजी सैनिक केंद्रीय सैनिक बोर्डाच्या मदतीवर दिवस काढतात. ती मदत परवापरवापर्यंत महिना ४,००० रुपये होती, नोव्हेंबर २०२५ पासून ८,००० झाली. पुण्यात खोलीचं भाडं देऊन त्यातलं काय उरतं?

पण मला खरं बोलायचंय ते केसेसबद्दल.

माझे मामा तोफखान्यात होते. सातारा जिल्ह्यातलं गाव, घरात फौजेची परंपरा, दहावी झाली की भरती. सगळी नोकरी तोफांच्या जवळ. २००४ साली निवृत्त झाले तेव्हा डाव्या कानाने जवळपास काहीच ऐकू येत नव्हतं, उजव्याने अर्धंमुर्धं. निवृत्तीच्या वेळच्या मेडिकल बोर्डाने अपंगत्व लिहिलं ३० टक्के, कायमचं. आणि त्याच कागदावर खाली लिहिलं की हे सैनिकी सेवेमुळे झालेलं नाही आणि सेवेमुळे वाढलेलंही नाही. तोफेशेजारी उभं राहून आयुष्य काढलेल्या माणसाचे कान गेले, आणि त्याचा तोफेशी काही संबंध नाही! कारण? कारण लिहिलंच नव्हतं.

पुढे अपंगत्व पेन्शन नाकारल्याचं पत्र आलं. मामांनी ते घडी घालून डिस्चार्ज बुकात ठेवलं, डिस्चार्ज बुक ट्रंकेत ठेवलं आणि ते शेतीला लागले. मुलाने धानोरीत फ्लॅट घेतला, तेव्हा सामान हलवताना मामीला ते पत्र सापडलं. तिने माझ्याकडे वाचायला दिलं. मी मामांना म्हटलं, "मामा, हे लढता येतं." तर म्हणतात कसे, "जाऊ दे गं पोरी. ज्याचं मीठ खाल्लं त्याच्याशीच कोर्टात भांडायचं व्हय?"

असं म्हणणाऱ्या माणसाला माझ्या सोसायटीतले लोक "केसेस टाकत बसतात" म्हणतात.

आता कायदा काय आहे ते ऐका. भरतीच्या वेळी डॉक्टर जवानाला नखशिखान्त तपासून घेतात. तेव्हा कागदावर कुठला आजार नोंदलेला नसेल आणि नंतर त्याला आजारामुळे फौजेतून बाहेर पडावं लागलं, तर तो सेवेतच झाला असं धरायचं. तसं नसेल तर ते सरकारने सिद्ध करायचं, कारणांसह. शंका राहिली तर तिचा फायदा जवानाला. सुप्रीम कोर्टाने हे धरमवीर सिंग खटल्यात २०१३ सालीच सांगितलंय, आणि तेही नवं काही नव्हतं, १९८२ च्या नियमांतच होतं. म्हणजे मामांना ते पत्र गेलं तेव्हासुद्धा नियम मामांच्याच बाजूने होता. ज्याने सही केली त्याला हे माहीत नसेल? मला नाही पटत. माहीत असतं. शंभर जणांना नकार पाठवला की बहुतेक जण मामांसारखे ट्रंक बंद करतात, हेही माहीत असतं.

आम्ही कागदपत्रांसाठी एका कचेरीत गेलो होतो. नाव लिहीत नाही. काचेच्या आड बसलेला माणूस, मान खाली, काचेला तळाशी जेमतेम हात जाईल एवढी फट, आणि बोलणं त्या फटीतून. मामा उजवा कान फटीशी नेऊन अर्धे वाकलेले. त्याने काय विचारलं ते त्यांना कळलंच नाही. ते नुसतं "हो सर, हो सर" करत राहिले, आणि त्याने कागद पुढे सरकवला तेव्हा सहीसाठी खिशातलं पेन काढलं. मी मधेच हात घातला. दावा मागे घेत असल्याचा अर्ज होता तो! बहिरेपणाच्या दाव्यासाठी आलेल्या माणसाकडून, त्याला ऐकू येत नाही याचाच फायदा घेऊन. अजूनही ते आठवलं की माझे हात कापतात.

हां, गैरफायदा घेणारेही असतील. निवृत्तीच्या तोंडावर बीपी-शुगर दाखवून टक्के लिहून घेणारे मोठ्या हुद्द्यावरचे लोक आहेत असं ऐकलंय. असतील. त्यांना पकडा. त्यासाठी मामांचे कान खोटे ठरवू नका.

आम्ही सशस्त्र सेना न्यायाधिकरणाच्या, म्हणजे फौजींच्या नोकरी-पेन्शनचे दावे ऐकणाऱ्या कोर्टाच्या, मुंबई खंडपीठाकडे गेलो. (आपल्यातल्या कितीतरी जणांना असं काही आहे हेच माहीत नाही. २००७ च्या कायद्याने स्थापन झालं, २००९ पासून चालू आहे. वकील न देता स्वतःही बाजू मांडता येते.) निकाल मामांच्या बाजूने लागला. ३० टक्क्यांचे ५० धरले, कारण पूर्ण नोकरी करून निवृत्त झालेल्यांनाही टक्के वर गोल करून द्यायचे, असं सुप्रीम कोर्टाने राम अवतार खटल्यात डिसेंबर २०१४ मध्ये ठरवलंय. पण थकबाकी मिळाली ती फक्त अर्ज केल्याच्या आधीच्या तीन वर्षांची. पेन्शनचा हक्क उशिराने मरत नाही, पण थकबाकीला ही मर्यादा सुप्रीम कोर्टाच्या २००८ च्या तरसेम सिंग निकालावरून लावली. ट्रंकेत गेलेली मधली सगळी वर्षं बुडाली. चूक बोर्डाची, कारण न देणाऱ्यांची, आणि भुर्दंड मामांना. निकाल ऐकून मामा मात्र एवढंच म्हणाले, "म्हणजे तोफेनंच गेले ना कान? लिहिलं ना तसं?" पैशाचं विचारलंच नाही.

आणि जिंकलं तरी सगळ्यांचं तिथे संपत नाही. सरकार वरच्या कोर्टात जातं. २०१५ साली पर्रीकर संरक्षणमंत्री असताना असले खटले कमी करायला तज्ज्ञांची समितीसुद्धा नेमली होती, तरी २०२५ मध्ये दिल्ली हायकोर्टाला केंद्राच्या अशा शेकडो याचिका फेटाळाव्या लागल्या. ज्या जवानाला न्यायाधिकरणाने पेन्शन दिली, त्याच्याविरुद्ध सरकारी वकील, सरकारी खर्चाने. कोण कोणावर केसेस टाकतंय?

ज्यांच्या घरी असं पत्र पडलंय त्यांच्यासाठी थोडं. आधी निवृत्तीची तारीख बघा, कारण २१ सप्टेंबर २०२३ पासून नवे नियम आहेत आणि ते जुन्यांपेक्षा कडक आहेत. मेडिकल बोर्डाच्या कार्यवाहीची प्रत लेखी मागा, नाही दिली तर माहिती अधिकारात मागा. पत्र ताजं असेल तर सहा महिन्यांच्या आत पहिलं अपील, मग दुसरं, मग न्यायाधिकरण. तिथे हरलात तर हायकोर्टात जाता येतं, हे सुप्रीम कोर्टाने २०२३ मध्ये स्पष्ट केलंय. वकील परवडत नसेल तर विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. जुलै २०२५ पासून सैनिकांच्या कुटुंबांसाठी त्यांची वेगळी योजना आहे. जवान हयात नसेल तर पत्नीनेही चौकशी करावी. आणि काचेच्या फटीतून पुढे आलेल्या कुठल्याही कागदावर वाचल्याशिवाय सही करू नका.

कुणाला मामांच्या अर्जाचा नमुना हवा असेल तर इनबॉक्समध्ये या. शनिवार-रविवारी मी घरीच असते, पत्र घेऊन प्रत्यक्ष आलात तरी चालेल.